वही-पेनाच्या आधीची सहा वर्षे

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि चौदा एप्रिलला गावोगावी 'एक वही, एक पेन' देऊन बाबासाहेबांना अभिवादन करण्याची प्रथा आता चांगली रुजली आहे. हार-मेणबत्त्यांच्या ऐवजी वह्या जमतात आणि त्या गरजू मुलांपर्यंत पोहोचतात. चळवळीने अलीकडच्या काळात स्वतःला लावून घेतलेली ही एक चांगली सवय आहे. पण वही-पेन हातात येते ते मूल सहा वर्षांचे झाल्यावर. त्याआधीची सहा वर्षे ते मूल कोणाजवळ असते, काय खाते, आई कामावर गेल्यावर त्याच्याशी दिवसभर कोण बोलते, याबद्दल आपल्याकडे काही कार्यक्रम आहे का? शिष्यवृत्ती, वसतिगृह, फेलोशिप, आरक्षणाचा अनुशेष यांवर आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. अंगणवाडीसाठी किती काढले?

आमचे म्हणणे सरळ आहे. जात मुलाला गाठते ती पहिलीच्या वर्गात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. घटनेच्या मूळ मजकुराने या वयाच्या मुलांना वगळलेले नव्हते. त्यांना २००२ साली वगळण्यात आले, आणि तेव्हा आपल्यातले फारच थोडे लोक बोलले. म्हणून हा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे.

मुक्ताने काय लिहिले होते

फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्मग्रंथांवरचा आपला अधिकार नाकारणाऱ्यांना तिने विचारलेले प्रश्न आपण भाषणांतून नेहमी सांगतो. पण त्याच निबंधात तिने आपल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दलही लिहिले आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. डोक्यावर धड छप्पर नाही, थंडी-पावसाचा मारा आहे आणि अशात आमच्या बाया बाळंत होतात, हे ती सांगते. म्हणजे विषमता जन्माच्या खाटेपासून सुरू होते हे या मुलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले. दुष्काळात, १८७७ साली, सत्यशोधकांनी पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम उघडला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर त्यांनी बोट ठेवले. शेतकऱ्याच्या पैशातून वरच्यांची कॉलेजे चालतात आणि खालची शाळा ओस पडते, हा त्यांचा आक्षेप होता. पाया आधी, कळस नंतर, असा तो विचार होता.

गिरणी, खाण आणि बाळगोळी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका काम करत होत्या. तान्ह्या मुलाचे काय करायचे? त्यावर चाळीत एक उपाय होता, 'बाळगोळी'. ही अफूची गोळी. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून ती द्यायची. डॉ. बार्न्स यांनी १९२१-२२ मध्ये गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीची सरकारतर्फे पाहणी केली, तेव्हा ही प्रथा किती सर्रास आहे हे कागदावर आले. आईचे अज्ञान म्हणून हा विषय झटकता येणार नाही. पाळी चुकली की मजुरी जाते आणि मूल रडले तर सांभाळायला कोणी नाही, अशा कोंडीत सापडलेल्या बाईने काढलेला तो मार्ग होता. दोष कोंडी करणाऱ्यांचा आहे.

बाबासाहेब या प्रश्नाला भिडले. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडा मांडला: शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी त्याच सभागृहात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. शाळेतली गळती आणि आईची विश्रांती या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या भाषणांत वाचतो. एकत्र वाचल्या तर दिसते की बाबासाहेब एकाच मुलाच्या आयुष्याची दोन टोके पकडत होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४३ साली खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्ती त्यांनी मांडली. याच वर्षी युद्धकाळातल्या कोळसाटंचाईमुळे बायकांना जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली गेली. त्यावर टीका झाली आणि १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्याच काळात, १९४५ साली, खाणीवर पाळणाघर ठेवण्याची सक्ती करता यावी म्हणून खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४६ मध्ये त्याचे नियम आले. खाणीत ढिगारे उपसणारी बाई कोणत्या समाजाची होती हे वेगळे सांगायला नको. तिच्या मुलासाठी मालकाच्या खर्चाने खोली, दूध आणि सांभाळणारी बाई हवी, हा हक्काचा विचार होता. त्यात दानधर्म नव्हता.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली हा आकडा तीसवर आला. पण कायद्याची मेख इथेच आहे. आपल्या बहुसंख्य बायका कारखान्यात नाहीतच. त्या उसाच्या फडात आहेत, वीटभट्टीवर आहेत, विड्या वळतात, दुसऱ्याच्या घरची भांडी घासतात. फडात मूल बांधाला झोळीत असते, नाहीतर कोपीवर थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळाही तिथेच सुटते. एका पाळणाघराच्या अभावी दोन मुलांचे शिक्षण बुडते.

'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला

मॉन्टेसरी या नावाची आज फी भरणारी शाळा असते. पण मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली आपले पहिले बालगृह रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत काढले होते. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यात धिंगाणा घालणाऱ्या मुलांसाठी ते होते. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि युद्धाच्या काळात इथेच राहिल्या. त्यांची पद्धत मात्र इथे मोठ्या प्रमाणात शहरी, सवर्ण, पैसेवाल्या घरांत शिरली. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली गोष्ट आपल्याकडे येताच श्रीमंतांची होते, हा या देशाचा अनुभव आहे.

त्या प्रवाहाला छेद देणारे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले, याची नोंद घेतली पाहिजे. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. बोर्डीच्या बालवाडीत अस्पृश्यांच्या वस्तीतली मुले येत नव्हती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली गेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथून आली. आज देशभर चालणाऱ्या या शब्दाच्या मुळाशी अस्पृश्य वस्तीचे अंगण आहे. ताराबाईंचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण मुले का येत नव्हती, हा प्रश्नही विचारला पाहिजे. गाव आणि वाडा यांच्यातले अंतर शिक्षिकेने चालून पार केले, गावाने ते मिटवले नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पण ती बसली कुठे? अनेक गावांत मंदिराशेजारी, पाटलाच्या वाड्याजवळ, नाहीतर सरपंचाच्या आळीत. जी गोष्ट अस्पृश्यांच्या अंगणातून निघाली, ती त्या अंगणात परत यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. अन्न अधिकाराच्या खटल्यात ऑक्टोबर २००४ मध्ये न्यायालयाने सांगितले की अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाडी असावी. आदेश द्यावा लागला, यातच स्थिती काय होती ते आले.

कलम ४५ चे काय झाले

आता मुख्य मुद्दा. संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. शिक्षण या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असे म्हणावे, अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवायला आपण बंदी करतो आहोत, मग ते मूल कामावर नसेल तर ते कुठल्यातरी शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असे त्यांचे उत्तर होते. त्यातून कलम ४५ तयार झाले: चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण, दहा वर्षांच्या आत.

बाबासाहेब त्या दिवशी बालवाडीबद्दल बोलले नव्हते. ते बोलले असे आम्ही त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण मंजूर झालेला मजकूर पाहा. त्याला वरची मर्यादा आहे, चौदा वर्षे. खालची मर्यादा नाही. 'सर्व मुले' म्हणजे तीन वर्षांचे मूलही आले.

१९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. तिथेही खालची मर्यादा नव्हती. मग २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती आली. कलम २१-अ नुसार शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, असा सगळीकडे जल्लोष झाला. पण तो हक्क 'सहा ते चौदा' वयोगटाला मिळाला. मूळ कलम ४५ बदलून तिथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपन व शिक्षणासाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढेच लिहिले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल' असे शब्द आहेत. करील नव्हे, करू शकेल. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५९ व्या अहवालात ही चूक दाखवली आणि सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपन व शिक्षणाला मूलभूत हक्क करण्याची शिफारस केली. ती आजवर तशीच पडून आहे.

म्हणजे ज्या सहा वर्षांत पैसेवाल्याचे मूल नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी करून पहिलीत येते, त्या सहा वर्षांत आपल्या मुलाला कोणताही हक्क नाही. आणि पहिलीच्या बाई म्हणतात, "यांच्या घरी वातावरणच नसतं."

संशोधन काय सांगते

या 'वातावरण नसतं'वर उत्तर द्यायला आकडे हाताशी हवेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील खुंटलेल्या वाढीची मुले अनुसूचित जातींत सुमारे ३९ टक्के, अनुसूचित जमातींत ४१ टक्के आणि उच्च समजल्या जाणाऱ्या जातींसह इतरांत ३० टक्के होती. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या अर्थतज्ज्ञांनी मुलांच्या उंचीचा जातीनुसार अभ्यास केला. जिथे अस्पृश्यता अधिक पाळली जाते तिथे दलित मुलांची उंची कमी भरते, असा संबंध त्यांना आढळला. जात मुलाच्या हाडांत शिरते, असे आता आकडेही सांगतात.

दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने असर सेंटरसोबत आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. २०१७ साली आलेल्या या अहवालाचा निष्कर्ष दोन्ही बाजूंना झोंबणारा आहे. बहुतेक मुले शाळेसाठी पुरेशी तयार नसतानाच पहिलीत जातात. आणि खासगी बालवाडी हा त्यावर उपाय नाही, कारण तिथे तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर एबीसीडी गिरवायला बसवतात. या वयाला खेळ, गोष्टी, गाणी आणि बोलणे लागते, ते ना अंगणवाडीत पुरेसे मिळते ना खासगीत. पोट मारून पोराला इंग्रजी नर्सरीत घालणाऱ्या आपल्या बांधवांनी हे समजून घ्यावे.

मग काय केल्याने फरक पडतो? तामिळनाडूत ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास झाला. त्यातल्या काही केंद्रांना एक जादा अर्धवेळ सेविका दिली. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, भाषा आणि गणित सुधारले, खुंटलेल्या वाढीचे प्रमाणही घटले. घरचे 'वातावरण' तेच होते. एक माणूस वाढला, एवढाच बदल.

पँथरचे नाव घेतले, न्याहारी राहिली

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपले जुने नाते आहे. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ साली पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग सुरू झाला. गरीब काळ्या कुटुंबांतली १२३ मुले त्यात होती, त्यांपैकी ५८ जणांना बालवाडी मिळाली आणि ६५ जणांना नाही. चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालवाडीत गेलेल्यांचे शालेय शिक्षण अधिक पूर्ण झाले होते, कमाई जास्त होती, अटका कमी झाल्या होत्या. गरिबाच्या घराची संस्कृतीच कमी पडते, ही त्या काळच्या संशोधकांची भाषा आम्हाला मान्य नाही. पण हाती आलेला निकाल नाकारता येत नाही.

याच दशकात ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली आणि बघता बघता ती अनेक शहरांत पसरली. हातात बंदूक घेतलेल्या पँथरचे चित्र आपल्याला माहीत आहे. सकाळी मुलांना अंडी वाढणारा पँथर फारसा माहीत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण नाव घेतले, तो जोश घेतला, कविता उसळली. न्याहारीची बाजू मात्र आपल्याकडे त्या प्रमाणात आली नाही. पूर्वजांच्या कामात खोट काढायचा आमचा हेतू नाही. अत्याचाराशी लढतानाच त्यांची ताकद खर्ची पडत होती. शिवाय अनेक वस्त्यांत महिला मंडळांनी बुद्धविहारात बालवाड्या चालवल्या, त्यांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. बायकांनी केलेले काम चळवळीचे काम म्हणून मोजायचे नाही, ही आपलीही खोड आहे.

आता काय

काहीजण म्हणतील, बाबासाहेबांनी सिद्धार्थ आणि मिलिंद ही महाविद्यालये काढली, बालवाड्या नाही. खरे आहे. सत्तेच्या मोक्याच्या जागा पकडल्याशिवाय खालच्याचे रक्षण होत नाही, हे त्यांचे धोरण होते आणि ते बरोबर होते. पण त्याच बाबासाहेबांनी गिरणीतल्या बाळंतिणीची रजा सरकारी कामकाजात आणली. वरच्या जागा पकडलेल्या आपल्या लोकांकडून शिक्षण आपोआप खाली वस्तीत झिरपेल, असे आपण धरून चाललो असू, तर जोतिरावांनी मोडून काढलेली समजूत आपणच जपतो आहोत.

म्हणून चार कामे. पहिले, आपल्या वस्तीत सहा वर्षांखालची मुले मोजा. १३ डिसेंबर २००६ च्या निकालानुसार ज्या वस्तीत अशी चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती देणे बंधनकारक आहे. मागणीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवा. दुसरे, बहुतेक विहारे दिवसभर बंद असतात. सकाळचे चार तास ती मुलांसाठी उघडा. तिसरे, अंगणवाडी सेविकेच्या पाठीशी उभे राहा. तिला आजही 'मानधन' देतात. वेतन द्यायचे नसले की मान देतात, ही या व्यवस्थेची जुनी युक्ती आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावे लागले आणि तो जानेवारीतही चालला. त्या मंडपात आपले निळे झेंडे किती होते? चौथे, कलम २१-अ मधले 'सहा' काढून टाका, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात घ्या.

वही-पेन वाहत राहू. पण ती वही हाती धरायला आलेले मूल आधी पोटभर जेवलेले, गोष्टी ऐकलेले, कडेवर घेतलेले असले पाहिजे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले 'शिका' पहिलीपासून सुरू होत नाही.

जय भीम!